क्लबच्या भिंतीवरचा फोटो

१९५८, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. ऊन कडक, वारा पडलेला.

आमच्या फुटबॉल क्लबचा आजवरचा सर्वांत आवडता खेळाडू आज निवडायचा होता. त्याचा फोटो खोलीच्या भिंतीवर लागणार होता. आम्ही आठ जण जमलो. जुना सेंटर फॉरवर्ड नाना तर स्वतःचा फोटो काचेच्या चौकटीत बसवून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊनच आला.

"उरणवाल्यांना आपण जन्मात एकदाच हरवलं," नाना म्हणाला, "आणि तो गोल माझा. आता निवडायचं काय राहिलं?"

मजीदभाई माझ्याकडे वळले. "अण्णा, तुमच्या रोजनिशीत असेल की. वाचा."

मी पान काढून वाचलं: "चेंडू उरणच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून त्यांच्या गोलात गेला. नाना तेव्हा रेषेबाहेर बसून बुटाची नाडी बांधत होता."

"माशाल्ला, नाना! नाडी बांधता बांधता गोल!"

"अरे, तो बॅक माझ्याच धाकानं गडबडला!"

"मग माझं मत त्या बॅकला," मजीदभाई म्हणाले. "त्यानं निदान गुडघा तरी लावला."

हात वर करून मतं घेतली. उरणच्या बॅकला सात, नानाला एक.