बारा-तेराचा पाना

लताबाई यंदाचा तिसरा स्क्रूड्रायव्हर घ्यायला लातुरातल्या हत्यारांच्या दुकानात थांबल्या होत्या. पुढं एक जोडपं जीपसाठी पाने निवडत होतं.

"अख्खा सेटच घेऊ का?"

"अवो, घरी हाय की सेट!"

"त्यातला बारा-तेराचा कुठं हाय? अर्धी किल्लारी नेती, आणून कोण देतंय?"

"परवा जीप बंद पडली, तर आपलाच पाना मागत दारोदार हिंडलात. न्हाई म्हणावं की माणसानं!"

"दारात आलेल्याला न्हाई म्हणू?"

"तुम्हाला न्हाईच जमायचं. भाऊ, बारा-तेराचे दोन पाने द्या. एक गावाचा."

"आन् दुसरा?"

"माझ्या पिठाच्या डब्यात."

दुकानदार वळला. "मॅडम, तुम्हाला?"

"स्क्रूड्रायव्हर," लताबाई म्हणाल्या. "दोन द्या."