शिंपी आणि दोन बरण्या

...नाही, पण मला सांगा, ज्यानं जन्मभर माणसांची मापं घेतली, त्या आमच्या शेजारच्या शिंप्यानं आता किड्यांची मापं घ्यायची? तीही तासातासाला? पण झालं काय, त्याची वहिनी जंगलात घसरून पडली, पाय प्लास्टरमध्ये, मुक्काम दवाखान्यात, आणि दोन किड्यांच्या तुलनेचा तिचा अभ्यास अर्ध्यावर! वही कोरी राहिली तर दोन वर्षं पाण्यात. तिनं विचारलं, "भावजी, जमेल?" हा म्हणाला, जमेल. आणि एकदा जमेल म्हणाला म्हणजे जमवायचंच!

मशीनशेजारी दोन बरण्या आल्या. एकीत काडीकिडा, दुसरीत शिंगवाला भुंगा. जंगल एकच हो, पण तुम्हाला सांगतो, स्वभाव...! भुंगा केळं खाणार, झाकणाला ढुशा देणार, डिवचलं की फुसफुसणार. आणि काडीकिडा? काडी. नुसती काडी! दहा वाजता, हलला नाही. अकरा वाजता, हलला नाही. गिऱ्हाइकं विचारायची, अहो, रिकाम्या बरणीत काय बघताय? हा मान वर न करता लिहितोय. जमेल म्हणाला ना, मग जमवायचंच!

वहिनीला हवं होतं एकच... काडीकिडा कात टाकतो, त्याला वेळ किती लागतो? सहाव्या दिवशी भुंग्यानं झाकण उडवलं आणि स्वारी थेट कपाटामागे! कपाट सरकव, गठ्ठे काढ, पोटावर झोप... तासाभरानं भुंगा सापडला. आणि इकडे? काडीकिडा बोटभर लांब झालेला, कोवळा, हिरवागार, स्वतःचीच कात निवांत चघळतोय!

आता लिहायचं काय? वीस मिनिटं लिहिलं असतं, कोण विचारणार होतं? गड्यानं पेन उचललं. मग लिहिलं, 'पाहिलं नाही. भुंग्यामागे होतो.' आणि खाली मान घालून वही दवाखान्यात नेऊन दिली.

वहिनीनं वाचलं. मग म्हणाली, "भावजी, खोटं लिहिलं असतंत तर मला कळलंही नसतं." आणि वही परत याच्याच हातात दिली. "पुढची कात महिन्याभरानं. माझं प्लास्टरही तोवर. जमेल?"

काय म्हणाला असेल? आता भुंग्याच्या झाकणावर इस्त्री ठेवलीय आणि हा काडीसमोर काडीसारखा बसलाय. माझी पँट आत पडून आहे, एकच पाय शिवलेला. विचारायला गेलो, तर म्हणतो कसा, "हळू बोला, हलेल तो."