कपाशीतली ज्वारी

तळ्याकाठच्या पक्षी अभयारण्यात एकाच दुर्बिणीपुढं रांग होती. अंजुमच्या पुढं जानेफळचे सहदेव आणि सिंधूताई हे नवरा-बायको, अन् आईचा खांदा धरून उभा असलेला त्यांचा तिशीतला मुलगा धम्मदीप. सहदेवनं दुर्बिणीला डोळा लावला.

“अवं, हा तं कोतवाल हाय!”

“आपल्या वावरात येत होता, तोच का?” सिंधूताईनं विचारलं.

“हाव. कपाशीच्या मधात ज्वारीची ओळ राहे, तवा कणसावर बसून अळ्या खाये.”

“ते ओळ तुमीच बंद केली.”

“बीटी कपाशी आली ना. दुकानदार म्हणे, आता अळी येतच नाही. मंग पाखरू कायले पाह्यजे?”

“पण अळी आलीच ना.”

“आली. म्हणून तं फवारा मारला.”

“तुमी नाही मारला. यानं मारला.”

सहदेव दुर्बिणीपासून बाजूला झाला. धम्मदीपनं चाचपत दुर्बीण अंजुमकडे वळवली.

“ताई, तुमी पाहा. औषध डोळ्यात गेलं तवापासून मले दिसत नाही.”

मग बापाच्या दिशेनं तोंड करून म्हणाला,

“बाबा, यंदा ज्वारीची ओळ पेरा. कोतवाल आला का मले बांधावरून आयकू येईन.”