म्हसोबाचं बोकड पावण्यांच्या ताटात

आमी मूळची माणदेशातली, मेंढरामागं फिरणारी. पावसुळा सरला की बाप कळप घिऊन कृष्णाकाठाला यायचा, हितंच कराडच्या अंगाला माझं लगीन ठरलं, फुडं मालकांनी मेंढरं इकली, मलकापुरात दोन खोल्या बांधल्या, तवापास्नं आमी हितलंच. शेजारी दस्तगीर मुलाणी. आदी त्येचा बाप आन आता त्यो, आमच्या म्हसोबाचं बोकड कवा बी त्येंच्याच हातनं कापलं जायाचं. आमच्यात घरातला माणूस सुरीला हात लावत न्हाई. मुलाणी कापणार, त्येचा वाटा त्येला जाणार, आन त्या दिशी दोन्ही घरात एकच रस्सा.

तर झालं काय, माझी नात दिवस भरायच्या आदीच जलमली, मूठभर जीव, दवाखान्यात काचंच्या पेटीत ठिवलेली. मी म्हसोबाला बोलले, पोर घरी यीऊ दे, बोकड दीन. पोर आली. मी बोकड आणलं, दिवस ठरवला, आन त्याच येळंला मशिदीत जमातची माणसं उतरलेली, लांबनं धर्माचं सांगत फिरणारी. त्यात एक म्हातारे मौलाना, लय गोड माणूस, जाता-येता दारात थांबायचे, माँजी, बच्ची कैसी है म्हणायचे.

आन एक दिवस दस्तगीर आला, उंबऱ्यापाशी बसला, च्या निवून गेला तरी पिईना. मी म्हणलं काय रं बाबा. तर म्हणला आक्का, दुसऱ्या देवाच्या नावानं सोडलेलं जनावर आमच्यात बसत न्हाई असं मौलानांनी समजावलं, मला बी पटलंय, पर तुला कसं सांगू. डोळं भरलं त्येचं. मला राग न्हाई आला, वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कराडातनं दुसरा कापणारा मिळाला आसता की, पर मग दस्तगीरची चूल त्या दिशी येगळी. आन नवस न्हाई फेडला तर पोरीचं काय, ह्ये भ्या बी हुतंच.

वरच्या खोलीत पास्टर आन त्यांची बायकू भाड्यानं, सांगलीकडची, आयतवारी प्रार्थना घेत्यात. ती बाई नातीला तेल लावायला यायची. तिला सांगितलं तर ती म्हणली मावशी, नैवेद्याचं आमी बी खात न्हाई, पर तुमच्या घरचं जेवण कवा बी जेवू. तिच्या ह्या बोलण्यावर मला सुचलं, बोकड देवाचं न ऱ्हाता घरचं झालं तर?

मी म्हसोबाला कौल लावला. शेंदराच्या दगडाला दोन्ही अंगाला फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर देव व्हय म्हणला, डावं पडलं तर न्हाई. म्हणलं देवा, बोकडाच्या जागी पुरणपोळी घे, बोकड माझं मला माघारी दे. बसले, बसले, काय सांगू तुमास्नी, उन्हं चढली तरी एक फूल हालंना. शेवटी म्हणलं न्हाई बी म्हणंना झालाय, म्हंजी चालतंय त्येला. पुरणपोळी दावली आन घरी आले.

मौलानांना समदं उघड सांगितलं, चोरून कुणाच्या ताटात काय वाढायचं न्हाई. म्हणलं आवं, बोकड आता देवाचं न्हाई, माझं हाय, पावण्यांसाठी कापायचं. ते दस्तगीरशी बोलले, हसले, हां म्हणले. दस्तगीरनं बिस्मिल्ला करून कापलं, त्येच्या बायकूनं माझ्याच चुलीवर रस्सा केला. पंगतीत पास्टरनी डोळं मिटून त्यांच्या देवाचं आभार मानलं, मौलाना त्यांच्या परीनं पुटपुटले, आन मी वाढता वाढता मनात म्हणलं म्हसोबा, चुकलं आसंल तर मला धर, पोरीला नगं. जेवणं झाल्यावर मौलानांनी पोरीच्या डोक्यावर हात ठिवून दुवा दिली, पास्टरबाईनं तिला मांडीवर घिऊन प्रार्थना केली.

जमात फुडल्या गावाला गेली. पोर आता चालती, भांडती, दस्तगीरच्या घरात जेवून येती आन मला सांगत बी न्हाई. पर तिला ताप आला की अजून मला त्यो बोकडाचा नवस आठवतो. मग दस्तगीरची बायकू येती, वरची पास्टरबाई येती, दोघी पोरीच्या उशाला बसत्यात, आपापलं म्हणत्यात. मी कोपऱ्यात हात जोडून म्हणते बघ देवा, हिला राखायला आता तू एकटाच न्हाईस, पर तू बी ऱ्हा.