मांडवाचा परवाना

मी, सुनेत्रा अरुण देवस्थळी, वय ६४, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार मेपल कोर्ट, नेपरव्हिलच्या पलीकडे, पोलिसांसमोर हजर राहून सांगते. मला इंग्रजी येतं, पण संतापले की मराठीच सुचतं, म्हणून दुभाषी मागितली.

रुचा माझ्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होती. सोबत तिची लहान मुलगी आन्या. रुचाचा नवरा यतीन तिला मारायचा. त्याने जवळ फिरकू नये, असा कोर्टाचा हुकूम आहे. ती कुठे राहते हे त्याला ठाऊक नव्हतं.

गणपतीला ड्राइव्हवेत मांडव घालायचा तर सिटीचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो. आमचे हे म्हणाले, "कशाला अप्लाय करतेस? हात दाखवून अवलक्षण." मी ऐकलं नाही. रुचा म्हणाली, "काकू, मी करते, तुम्ही मोदकांचं बघा." अर्ज तिच्या नावाने गेला.

परवाने सिटीच्या साइटवर नाव-पत्त्यासकट दिसतात, हे मला माहीत होतं. मागे एका बिल्डरने विनापरवाना झाडं तोडली, ते मीच तिथे शोधून पकडून दिलं. तेव्हा मला त्या साइटचं भारी कौतुक. रुचाचं नावही तिथेच लागेल, हे डोक्यातच आलं नाही.

आरतीला कुडता घातलेला एक मुलगा आला. आरतीला आलेल्याला तू कोण, असं विचारायची आमच्यात पद्धत नाही. मी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. रुचा नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली. आन्या म्हणाली, "मम्मा, डॅडी फाउंड अस." मुलगी आनंदाने नव्हती बोलली.

मी त्याला हाकललं. तो शांतपणे म्हणाला, "काकू, मी काही चोरी केली नाही. पब्लिक रेकॉर्ड आहे." पोलीस येण्याआधी तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सिटीत गेले. तिथली बाई म्हणाली, नागरिकांना माहितीचा हक्क आहे. नाव झाकायचं तर आधी विनंती करायची. हक्क मलाही हवाय हो. पण मांडवाला परवाना आहे एवढं कळलं की पुरे. त्यात त्या पोरीचं दार कशाला दाखवायचं? मला अजून झोप लागत नाही.

रुचा आता कुठे आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही दोनदा विचारलंत. हा जबाबही माहितीसाठी अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकतो, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून सांगत नाही.

हे सर्व दुभाषी नीना यांनी मला मराठीत वाचून दाखवलं. मी बोलले तेवढंच त्यात आहे. जे बोलले नाही ते त्यात नाही, याची खात्री करून सही करते.