आलेसानाकाकांच्या खिशातला फ्यूज

सभेचे अध्यक्ष आणि आपले गावप्रमुख ताउलापापा, व्यासपीठावरचे पाद्री इओआने, आजचे सत्कारमूर्ती आलेसानाकाका, चटयांवर बसलेली वडीलधारी मंडळी आणि माझ्या मैत्रिणींनो,

वडीलधाऱ्यांसमोर उभं राहून बोलायचं तर आधी वाकून परवानगी मागावी, ही आपल्या सवाई बेटाची रीत. ती मी पाळली आहे. आता माझा आवाज मागे पोचत नसेल, तर कृपया पुढे सरका. माइक बंद आहे, पंखेही बंद आहेत. का, ते सांगते.

तासाभरापूर्वी काका सभागृहात आले ते थेट फ्यूजबोर्डाकडे गेले. निवृत्त होणाऱ्या वायरमनला कुठे जावंसं वाटणार? गळ्यातला फुलांचा हार त्यांनी आधी काढून खिडकीला अडकवला, कारण गळ्यात काही लोंबत असताना बोर्डावर वाकायचं नसतं. मेन स्विच बंद केला, मग फ्यूज ओढून काढला. आत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी कुंपणाची जाड तार होती. भार वाढला की बारीक तार वितळते आणि घर वाचतं. कुंपणाची तार वितळत नाही. मग घर पेटतं. याच सभागृहात आपली बालवाडी भरते. काकांनी तो फ्यूज खिशात टाकला.

तेव्हा आपल्यातलेच एक गृहस्थ म्हणाले, "अहो, कपाटात दुसरा पडलाय, तो लावा की. पाहुणे उकडून निघतील." दुसरे म्हणाले, "राहू दे रे, आलेसाना फ्यूज घरी नेतो आणि तारोच्या कंदांबरोबर शिजवून खातो." सगळे हसले.

मला हसू आलं नाही. कपाटातल्या फ्यूजमध्येही कुंपणाचीच तार आहे. आणि "पाहुणे उकडतील, लावा की" या शब्दांची किंमत मला ठाऊक आहे.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरी पाद्रीबाबा जेवायला यायचे होते. आढ्यातली वायर उंदरांनी कुरतडली होती म्हणून आईने काकांना बोलावलं. काकांनी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिडकीत ठेवला, वर चढून टेस्टरने तपासलं. वायरीत वीज नव्हती. मग त्यांनी हात घातला. तेवढ्यात एक माणूस बाहेरून आला. घरात अंधार, पंखा बंद, पाहुणे दारात. फ्यूज खिडकीत दिसला. कुणाची पडलेली वस्तू उचलून जागेवर ठेवावी, पाहुण्याला उकाड्यात बसवू नये, हेच आपण लहानपणापासून शिकतो ना? त्याने फ्यूज बसवला, स्विच वर केला.

काका आढ्यावरून खाली पडले. उजव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत.

गावाने काय म्हटलं? "तपासल्याशिवाय हात घातला असेल. निष्काळजी माणूस." नऊ वर्षं म्हटलं. आणि मघाशी वाचलेल्या मानपत्रात काय लिहिलं आहे? "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे हात अधू होऊनही त्यांनी अखंड सेवा केली." सत्कार करता, की शाल पांघरून चापट मारता?

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. राजधानीत, अपियाला जाऊन विजेचं काम शिकले. पदवी मिळाली त्या दिवशी माझ्या वडिलांनी, पेनीआतांनी, मला सांगितलं, "तो फ्यूज मी बसवला होता." मी काकांकडे धावले. "तुम्ही का नाही बोललात?" काका म्हणाले, "अगं, तुझा बाप पाहुण्यांची सोय बघत होता. त्याला गावात मान खाली घालायला लावू? मी फक्त एक शिकलो. फ्यूज खिडकीत ठेवायचा नाही, खिशात ठेवायचा."

काका फ्यूज घरी नेतात म्हणून मघाशी हसलात ना, तो खिसा हा आहे, मंडळी.

आज सकाळी मी बाबांना विचारलं, हे सभेत सांगू का? ते बराच वेळ चपला शोधत राहिले. मग म्हणाले, "सांग. मला उभं राहून बोलता यायचं नाही."

अध्यक्षमहाराज, बोलायची संधी दिलीत, ऋणी आहे. वयाने लहान असून कठोर बोलले, त्याची क्षमा असावी. उकाड्याची क्षमा मात्र मी मागणार नाही. योग्य तार येईपर्यंत फ्यूज काकांच्या खिशातच राहील. मानपत्रातलं ते वाक्य मात्र काकांच्या हाती पडण्याआधी खोडायला हवं. पेन मी आणलं आहे.

बाबा, बोलायचं काही नाही. फक्त उठा आणि हे पेन अध्यक्षांना नेऊन द्या.