बंद डब्यांतले पाहुणे

मी, खाली सही करणारी, वय ५३ वर्षे, काम चष्म्याच्या दुकानात काचा बसवणे, राहणार पाण्याच्या टाकीमागे, जिन्यालगतचे घर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती मागच्या महिन्यात फुप्फुसाच्या आजाराने वारले. फिर्यादी हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र असून घड्याळे दुरुस्त करतात. मी त्यांना भाऊजी म्हणते.

पती व फिर्यादी मिळून परग्रहावरच्या प्राण्यांचे लहान बाहुले जमवत असत. हिरवे, तीन डोळ्यांचे, शेपटीचे, असे. प्रत्येक बाहुला पुठ्ठ्याच्या डब्यात, समोर पारदर्शक प्लास्टिक. डबा एकदा उघडला की जमवणाऱ्यांच्या लेखी त्याला अर्थ उरत नाही, म्हणून एकही उघडायचा नाही असे दोघांचे ठरले होते. नवा डबा आला की पती म्हणत, "पाहुणे आले." मी विचारी, "चहा टाकू का?" ते म्हणत, "नको, हे दारातूनच बघणारे." सर्व डबे आमच्या खोलीत, पलंगासमोरच्या फळ्यांवर होते.

शेवटी शेवटी पतींच्या तोंडावर प्लास्टिकचा मास्क होता. त्याबाबत मला अधिक सांगायचे नाही.

पती गेल्यानंतर मला खोलीत बसवत नसे. स्वयंपाकघरात जात असे, परत येत असे, पडदा ओढत असे, पुन्हा सरकवत असे. पलंग फिरवून पाहिला. डबे दिसतच होते. रविवारी सकाळी मी कात्रीने डबे कापले. सर्व बाहुले बाहेर काढून खिडकीत ठेवले व खिडकी उघडी ठेवली. त्या दुपारी मला झोप लागली.

संध्याकाळी भाऊजी आले. खिडकी पाहून ते उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "वहिनी, हे काय करून ठेवलंत?" मी म्हणाले, "आत कोंडलं होतं सगळं." ते म्हणाले, "अहो, प्लास्टिकचे आहेत ते. त्यांना काय कोंडतंय?" अर्धे डबे त्यांचे होते. मी त्यांना विचारले नाही. त्यांची फिर्याद खरी आहे.

परंतु फिर्यादीतला लांब हातांचा करडा बाहुला पहिल्यांदा मी उघडलेला नाही. तो डबा आधीच उघडून परत चिकटवलेला होता. उजव्या कोपऱ्यात गम ओघळून वाळला आहे. कपाचा कान असो की चष्म्याची दांडी, माझे पती चिकटवत तेव्हा उजवीकडे असाच ओघळ राही. बाहुल्याच्या एका हाताच्या बोटांचा रंग गेला आहे. तो एका दिवसात जात नाही. आजारपणात पती दिवसभर घरी एकटे असत. मी दुकानात असे.

आज आपण तो डबा टेबलावर ठेवून भाऊजींना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "त्याचंच काम. मला कधी बोलला नाही." मी म्हणाले, "मलाही नाही." ते म्हणाले, "लबाड." नंतर ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

ताब्यात घेतलेले बाकीचे सर्व बाहुले भाऊजींनी न्यावेत. माझी हरकत नाही. हा एक मला परत मिळावा. तोपर्यंत कोणी तो पुसू नये, व त्याच्या डब्याचे झाकण लावू नये.

लिहून घेतलेले मला मोठ्याने वाचून ऐकवले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.